गडचिरोलीत 69 टक्के जंगल आहे, पण ते कसं आहे? जंगलाची ‘रचना’ मोजणं का महत्त्वाचं ठरतंय?

गडचिरोली जिल्ह्यातल्या लोहखनिज शुद्धीकरण प्रकल्पासाठी 900 हेक्टरहून अधिक वनजमीन देण्यास केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं 2025 मध्ये तत्त्वतः मंजुरी दिली. लॉइड्स मेटल्स कंपनीच्या या प्रकल्पासाठी एक लाखाहून अधिक झाडं तोडावी लागणार, अशी बातमी आली आणि सोशल मीडियावर वाद सुरू झाला.

एका बाजूचं म्हणणं होतं, ‘एक लाख झाडं तोडणार!’ दुसऱ्या बाजूचं उत्तर होतं, ‘त्यापेक्षा जास्त लावणार आहेत!’

प्रकल्पाला पाठिंबा असो वा विरोध, या वादात दोन्ही बाजू झाडं मोजत होत्या. पण झाडांची संख्या सारखी असूनही दोन जंगलं पूर्णपणे वेगळी असू शकतात. एका जंगलात दीडशे वर्षांचा मोह, त्याच्या सावलीत वाढणारा ऐन, खाली बांबूची बेटं आणि जमिनीलगत तेंदूची झुडपं असतात. दुसऱ्यात एकाच वर्षी लावलेला, एकाच उंचीचा साग रांगेत उभा असतो.

हा फरक आकड्यात पकडता येतो. शास्त्रज्ञ त्याला जंगलाची ‘संरचनात्मक विविधता’ म्हणतात. ती कशी मोजतात आणि चंद्रपूर-गडचिरोलीसाठी ती का महत्त्वाची आहे, ते समजून घेऊ.

69 टक्क्यांचा आकडा येतो कुठून?

डेहराडूनची ‘भारतीय वन सर्वेक्षण’ ही संस्था साधारण दर दोन वर्षांनी देशातल्या वनांचा अहवाल काढते. सन 2023 चा अहवाल डिसेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशाचं वनाच्छादन सुमारे 7 लाख 15 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे 21.76 टक्के आहे.

महाराष्ट्रात सर्वाधिक जंगल गडचिरोलीत आहे. जिल्ह्याचं क्षेत्रफळ 14,412 चौरस किलोमीटर असून त्यापैकी सुमारे 69 टक्के भागावर वनाच्छादन आहे. शेजारच्या चंद्रपुरात हे प्रमाण सुमारे 35 टक्के आहे.

हे आकडे उपग्रहाच्या छायाचित्रांवरून काढतात. त्यातला एक ठिपका जमिनीवरच्या सुमारे 23.5 मीटर लांब आणि तितक्याच रुंद तुकड्याएवढा असतो. पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर ते डिसेंबरमधली छायाचित्रं वापरतात, कारण तेव्हा आकाश निरभ्र असतं आणि झाडांवर पानं असतात.

एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर वरून पाहिल्यावर किमान 10 टक्के भाग झाडांच्या छत्राखाली दिसला, की ती जमीन ‘वनाच्छादन’ म्हणून मोजली जाते. जमीन कुणाच्या मालकीची आहे, झाडं कोणती आहेत, ती लावलेली आहेत की नैसर्गिक, हे या व्याख्येत पाहिलं जात नाही. आमराई आणि बांबूची लागवडही त्यात येऊ शकते.

त्यानंतर छत्राच्या दाटीनुसार तीन वर्ग पाडले जातात. 70 टक्के आणि त्याहून जास्त असेल तर अतिघन वन, 40 ते 70 टक्के असेल तर मध्यम घन वन आणि 10 ते 40 टक्के असेल तर खुलं वन.

देशाचा ढोबळ अंदाज घेण्यासाठी ही पद्धत उपयोगी आहे. पण ती जंगलाकडे फक्त वरून पाहते. छत्राखाली काय आहे, ते या आकड्यात येत नाही. त्यामुळे दाट वाढलेली सागाची लागवड आणि जुनं मिश्र जंगल एकाच वर्गात बसू शकतं.

संरचनात्मक विविधता म्हणजे काय?

जंगलात किती जातींची झाडं आहेत, ही जातींची विविधता. ती झाडं जागेत कशी मांडलेली आहेत, ही संरचनेची विविधता. त्यात मुख्यतः पाच गोष्टी पाहतात.

पहिली, उंची. सगळी झाडं एकाच उंचीची आहेत की जंगलाला वेगवेगळे थर आहेत?

दुसरी, जाडी. कोवळी, मध्यम आणि जुनी अशी सगळ्या वयाची झाडं आहेत का?

तिसरी, मांडणी. झाडं सारख्या अंतरावर आहेत की कुठे दाटी, कुठे मोकळी जागा आहे?

चौथी, खालचा थर. झुडपं, बांबू, वेली आणि रोपटी आहेत का?

पाचवी, मेलेलं लाकूड. उभी वाळलेली झाडं, ढोल्या आणि पडलेले ओंडके आहेत का?

शेवटचा मुद्दा अनेकांना विचित्र वाटेल. पण धनेश पक्षी जुन्या झाडाच्या ढोलीतच घरटं करतो. पोपट, घुबडं आणि उडत्या खारीही ढोल्यांमध्ये राहतात. पांढऱ्या पाठीची गिधाडं घरट्यासाठी उंच झाडं शोधतात. 20 वर्षांच्या सागाच्या रोपवनात झाडं हजारो असली, तरी यांच्यापैकी बहुतेकांना तिथे राहायला जागा नसते.

हा विचार नवा नाही. अमेरिकेत रॉबर्ट आणि जॉन मॅकआर्थर यांनी 1961 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. जंगलात किती प्रकारचे पक्षी असतील, याचा अंदाज झाडांच्या जातींपेक्षा पानांच्या उभ्या थरांवरून जास्त चांगला बांधता येतो, असं त्यांना दिसलं. हा निष्कर्ष जगातल्या सगळ्याच जंगलांना तसाच लागू होत नाही. पण जंगलाचे थर मोजायला हवेत, हा विचार तिथून रुजला.

जंगलाच्या थरांशी माणसांचा काय संबंध?

गडचिरोलीत हा संबंध थेट पोटापाण्याचा आहे. मोहफुलं मिळतात ती मोठ्या, पसरलेल्या, जुन्या झाडांपासून. बांबू मिळतो तो मधल्या थरातून. तेंदूपत्ता मात्र उंच झाडावरून नाही, तर हाताला येणाऱ्या झुडपांवरून खुडतात. चारोळी, हिरडा आणि बेहड्यासाठी पुन्हा मोठी झाडं लागतात.

म्हणजे मार्च-एप्रिलमधला मोह, मे महिन्यातला तेंदू आणि पुढे बांबू, ही गावाची वर्षभराची कमाई जंगलाच्या वेगवेगळ्या थरांमधून येते. एखादा थर गेला, तर त्या हंगामाची कमाई जाते. उपग्रहाच्या नकाशावर जंगल तेव्हाही हिरवंच दिसतं.

झाडं 60 आणि 60, तरी जंगल वेगळं कसं?

आता प्रत्यक्ष मोजणी पाहू. त्यासाठी दोन काल्पनिक तुकडे घेऊ. दोन्ही 0.1 हेक्टरचे, म्हणजे साधारण 31.6 मीटर लांब-रुंद चौरस. दोन्हीत 60 झाडं आहेत. झाडांचा घेर छातीच्या उंचीवर मोजला आहे. भारतात त्यासाठी जमिनीपासून 1.37 मीटर ही उंची धरतात.

पहिला तुकडा रोपवनाचा:
30 ते 60 सेंमी घेराची 6 झाडं
60 ते 90 सेंमीची 48 झाडं
90 ते 120 सेंमीची 6 झाडं
त्याहून मोठं एकही नाही

दुसरा तुकडा जुन्या मिश्र जंगलाचा:
30 ते 60 सेंमी घेराची 30 झाडं
60 ते 90 सेंमीची 14 झाडं
90 ते 120 सेंमीची 8 झाडं
120 ते 150 सेंमीची 5 झाडं
150 सेंमीहून मोठी 3 झाडं

‘किती झाडं?’ या प्रश्नाचं उत्तर दोन्हीकडे सारखंच आहे. पण शास्त्रज्ञ इथे ‘शॅनन निर्देशांक’ वापरतात. गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी 1948 मध्ये संदेशवहनासाठी मांडलेलं हे सूत्र पुढे पर्यावरणशास्त्रात आलं. झाडं जितक्या जास्त वर्गांत आणि जितक्या समान वाटली जातील, तितका हा आकडा मोठा होतो.

पहिल्या तुकड्याचा निर्देशांक येतो 0.64 आणि दुसऱ्याचा 1.31. पाच वर्गांसाठी हा आकडा जास्तीत जास्त 1.61 होऊ शकतो. म्हणजे झाडं तितकीच असूनही दुसऱ्या तुकड्याची विविधता दुपटीहून थोडी जास्त आहे.

मोठ्या झाडांचं वजनही लक्षात घ्या. 180 सेंमी घेराच्या एका झाडाच्या खोडाचा काटछेद 60 सेंमी घेराच्या झाडाच्या तिप्पट नसतो, तर नऊपट असतो. त्यामुळे ‘एक झाड तोडलं, एक लावलं’ हा हिशोब गणितातच बसत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीत हा फरक कुठे दिसतो?

गडचिरोलीत आलापल्लीजवळ ‘वनवैभव’ नावाचा जंगलाचा एक छोटा तुकडा आहे. तो जेमतेम सहा हेक्टरचा आहे. 1953 पासून तो नैसर्गिक जंगल म्हणून राखला गेला. 2014 मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आणि महाराष्ट्रातलं ते असं पहिलं स्थळ ठरलं. इथलं जुनं जंगल कसं होतं, याचा तो जिवंत नमुना आहे. इतर जंगलाची तुलना कशाशी करायची, हा प्रश्न पडला तर असे तुकडे मोजपट्टीसारखे कामी येतात.

दुसरीकडे, 1974 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र वनविकास महामंडळानं दोन्ही जिल्ह्यांत मिश्र जंगलं तोडून मोठ्या क्षेत्रावर सागाची रोपवनं उभी केली. लाकडाचं उत्पादन वाढवणं हा त्यामागचा हेतू होता. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाची ख्याती आजही मोठी आहे. अयोध्येच्या राम मंदिरासाठी 2023 मध्ये सागवान गेलं, ते बल्लारपूरहूनच. पण अशा रोपवनांमुळे मोह, तेंदू आणि चारोळी हातची जाते, ही गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभांची जुनी तक्रार आहे. रचनेच्या भाषेत सांगायचं, तर अनेक थरांच्या जागी एक थर आला.

तिसरं उदाहरण मोहाचं. फुलं वेचणं सोपं जावं म्हणून काही ठिकाणी झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. त्या आगीत मोहाची रोपटीही जळतात. मोठी झाडं उभी असतात, फुलंही मिळतात आणि सगळं ठीक वाटतं. पण घेराचे वर्ग मांडले, की खालचे रकाने रिकामे दिसतात. आजचे मोह गेले, की त्यांची जागा घेणारं कुणी नसतं. नुसत्या संख्येत हा धोका दिसत नाही. रचनेच्या मोजणीत तो काही दशकं आधी दिसतो.

वरून मोजता येतं का?

येतं. त्यासाठीचं मुख्य तंत्र म्हणजे ‘लायडार’. विमान, ड्रोन किंवा उपग्रहातून लेसरचे झोत खाली सोडतात. काही किरण शेंड्यावरून परततात, काही मधल्या फांद्यांवरून, तर काही थेट जमिनीवरून. परतायला लागलेल्या वेळेवरून प्रत्येक थराची उंची कळते. साधं छायाचित्र जंगलाचं छप्पर दाखवतं, लायडार मजले दाखवतो.

‘नासा’चं ‘गेडी’ हे उपकरण डिसेंबर 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे रवाना झालं. त्याचा लेसर जमिनीवर सुमारे 25 मीटर व्यासाचा ठिपका मोजतो. चंद्रपूर-गडचिरोली त्याच्या टप्प्यात येतात. मात्र तो सलग नकाशा काढत नाही, अंतराअंतरानं नमुने घेतो.

भारत आणि अमेरिकेनं मिळून बनवलेला ‘निसार’ उपग्रह 30 जुलै 2025 रोजी श्रीहरिकोटाहून सोडण्यात आला. तो लेसरऐवजी रडार वापरतो. रडारला ढगांचा अडथळा होत नाही. त्याच्या लांब लहरी पानांच्या थरातून आत शिरून फांद्या आणि खोडांची माहिती आणतात. दर 12 दिवसांनी तो त्याच जागेवर परत येतो. पावसाळ्यात महिनोन्महिने ढगाखाली असणाऱ्या भामरागडसारख्या भागासाठी हे महत्त्वाचं आहे.

पण इथे एक अडचण आहे. या दोन जिल्ह्यांतली जंगलं प्रामुख्यानं पानझडी आहेत. एप्रिलमधला साग आणि ऑक्टोबरमधला साग लेसरला वेगळा दिसतो. त्यामुळे वेगवेगळ्या ऋतूंतल्या मोजण्यांची तुलना केली, तर पानगळ झालेल्या जंगलाला ‘ऱ्हास’ समजण्याची चूक होऊ शकते. बांबूच्या बेटात नेमके किती बांबू आहेत किंवा झुडूप तेंदूचं आहे की घाणेरीचं, हेही आकाशातून नीट कळत नाही.

मग जमिनीवर कोण मोजणार?

सरकारी यंत्रणा काही प्रमाणात मोजतेच. राष्ट्रीय वनसंपदा मोजणीत देशभर ठरावीक नमुना-तुकडे घेऊन झाडांची जाडी नोंदवतात. पण त्याचे निष्कर्ष प्रामुख्यानं राज्य आणि देशाच्या पातळीवर मांडले जातात. एखाद्या गावाच्या किंवा वनकक्षाच्या जंगलाचं चित्र त्यातून मिळत नाही.

इथे ग्रामसभा महत्त्वाच्या ठरतात. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. 2011 मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. त्यानंतर जिल्ह्यातल्या हजाराहून अधिक गावांना असे हक्क मिळाले आहेत. या हक्कासोबत जंगल सांभाळण्याची जबाबदारीही येते आणि त्यासाठी आपल्या जंगलात काय आहे, हे माहीत असावं लागतं.

त्यासाठी लागणारं साहित्य महाग नाही. मोजपट्टी, दोरी, वही आणि जागा नोंदवायला मोबाइल पुरतो. चौरस आखायचा, झाडाचं नाव आणि घेर लिहायचा, कोवळी रोपं मोजायची, बांबूच्या बेटात जुने-नवे बांबू वेगळे नोंदवायचे, ढोलीची झाडं टिपायची. तीन-चार वर्षांनी त्याच जागी जाऊन पुन्हा मोजायचं. झाडं नावानं ओळखणारी माणसं गावातच असतात. उपग्रहाला जे दिसत नाही, ते त्यांना दिसतं. दोन्ही माहिती जोडली, की चित्र पूर्ण होतं.

या सगळ्याचा पैशाशी काय संबंध?

वनजमीन प्रकल्पाला देताना प्रकल्पाकडून ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ वसूल करतात. सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये मान्य केलेले दर हेक्टरी 4.38 लाख ते 10.43 लाख रुपये होते. 2022 मध्ये ते वाढवण्यात आले. हा दर दोन गोष्टींवर ठरतो: जंगल कोणत्या प्रकारात मोडतं आणि त्याचं छत्र किती दाट आहे.

म्हणजे इथेही पुन्हा छत्राचीच दाटी. त्याखाली किती थर आहेत, जुनी झाडं किती आहेत, याचा या दरात थेट हिशोब नाही. दीडशे वर्षांचं मिश्र जंगल आणि तितकंच दाट रोपवन यांची किंमत सारखी निघू शकते.

भरपाई म्हणून दुसरीकडे झाडं लावली जातात. ती जगली, तरी पहिली काही दशकं ती आपल्या उदाहरणातल्या पहिल्या तुकड्यासारखी, एका वयाची आणि एका उंचीची असणार. मोठी झाडं, ढोल्या आणि पडलेले ओंडके खड्ड्यात लावता येत नाहीत. त्यांना वेळच लागतो.

यातली खटकणारी गोष्ट म्हणजे, माहिती अजिबात नाही असं नाही. वनजमिनीच्या प्रस्तावात वनविभागाला झाडांची जातवार आणि घेरवार यादी द्यावी लागते. या यादीवरून वर दाखवलेलं गणित कुणालाही करता येईल. पण बातमीत येते ती एकूण संख्या आणि दर ठरतो तो छत्रावरून. घेरांची यादी फायलीतच राहते.

जास्त विविधता म्हणजे जंगल चांगलंच का?

नेहमीच नाही. ताडोबातली गवताळ मैदानं घ्या. झाडांच्या थरांचा निर्देशांक तिथे कमी येईल. पण चितळ आणि गव्यांना चरायला तीच लागतात आणि त्यांच्यामागे वाघ असतो. निर्देशांक वाढवायचा म्हणून तिथे झाडं लावली, तर नुकसानच होईल.

घाणेरीसारखं परकं झुडूप पसरलं, तर खालचा थर दाट होतो आणि आकडा सुधारल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात त्याखाली रोपटी वाढत नाहीत. शिवाय तेंदूपत्ता तोडायला किंवा मोह वेचायला गेलेल्या माणसाला दाट झुडपाआडचा वाघ दिसत नाही. वाघांच्या हल्ल्यांनी धास्तावलेल्या चंद्रपूर जिल्ह्यात हा मुद्दा कागदावरचा नाही.

म्हणून रचनेचा आकडा एकटा वाचायचा नसतो. त्या प्रकारच्या चांगल्या जंगलाशी त्याची तुलना करायची असते. कोरड्या भागातल्या सागाच्या जंगलाची तुलना दक्षिण गडचिरोलीतल्या ओलसर जंगलाशी करून चालत नाही.

पुढच्या वेळी काय विचारायचं?

जंगलतोडीची किंवा वृक्षलागवडीची बातमी येते, तेव्हा ‘किती झाडं?’ हा पहिला प्रश्न असतो. तो चुकीचा नाही, फक्त अपुरा आहे. त्याच्या पुढे आणखी चार प्रश्न विचारता येतात. तोडल्या जाणाऱ्या झाडांपैकी दीड मीटरहून जास्त घेराची किती? कोवळ्या रोपांपासून जुन्या झाडांपर्यंत सगळे वर्ग तिथे आहेत का? त्या जंगलाच्या कोणत्या थरावर कोणत्या गावाचा हंगाम अवलंबून आहे? आणि भरपाईत लावलेलं जंगल 20 वर्षांनी पुन्हा मोजण्याची जबाबदारी कुणाची?

केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर वनजमिनीचे प्रस्ताव पाहता येतात. एखाद्या प्रस्तावावर पोस्ट लिहिण्याआधी किंवा शेअर करण्याआधी त्यातली घेरवार यादी शोधून पाहा. एक लाख या आकड्यात जे कळत नाही, ते त्या यादीत सापडू शकतं.